अमेरिकन स्वावलंबनाची पोथी

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेनें पुष्कळशा भारतीय मालावर एकंदर ५० टक्के जकात बसविली, तेव्हां आमच्याकडील सुशिक्षित दिवाणखान्यांतून जो उसासा ऐकूं आला, तो निव्वळ व्यापाराच्या नुकसानीचा नव्हता. त्यांत एक प्रकारचा सात्त्विक विषाद होता. देवळांतला पुजारी गुत्त्याच्या पायरीवर दिसावा आणि भाविकाचें काळीज हलावें, तसें पुष्कळांचें झालें. ‘अमेरिकेनें आपलें तत्त्व सोडलें,’ हें वाक्य मीं त्या दिवसांत इतक्या तोंडांतून ऐकलें कीं, हें तत्त्व कोणतें, तें तिनें धरलें केव्हां, आणि धरतांना तिला कोणीं पाहिलें, असे प्रश्न मनांत उभे राहिल्यावांचून राहिनात.

त्याच सुमारास एका व्याख्यानमालेंत एका विद्वान् वक्त्यांनीं अमेरिकेच्या उत्कर्षाचें रहस्य तासाभरांत उलगडून दाखविलें. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा: अमेरिकेंत सरकार बाजारांत लुडबुडत नाहीं, तेथें प्रत्येक मनुष्य स्वतःच्या पायांवर उभा राहतो, स्वातंत्र्य, समान संधि आणि स्वकष्टार्जित धन या तीन मूल्यांचें बाळकडू तेथील मुलास घरांत व शाळेंत मिळतें, म्हणून मोठेपणीं तो सरकारपुढें हात पसरीत नाहीं. उलट आम्हीं सरकारला मायबाप करून ठेवलें. सबब शेतकऱ्याची खतावरील सवलत, गरिबाचें शिधावाटपाचें दुकान आणि विद्यार्थ्याची फीमाफी हीं सर्व बंद करावीं, म्हणजे आमचेंहि अमेरिकेसारखें होईल. टाळ्या पुष्कळ पडल्या. टाळ्या वाजविणारांत सरकारी निवृत्तिवेतन घेणारे बरेच होते. आणि ज्यांचीं मुलें सरकारी खर्चानें चाललेल्या तंत्रविद्यालयांत शिकून अमेरिकेंत गेलीं, असेहि गृहस्थ थोडे नव्हते. हें मी कुत्सितपणें सांगत नाहीं. मीहि त्यांच्यांतलाच एक आहें.

माझें म्हणणें एवढेंच कीं, वक्त्यांनीं जें सांगितलें तो अमेरिकेचा इतिहास नव्हे, ती अमेरिकेची पोथी आहे. पोथी लहानपणीं पाठ करवून घेतात. इतिहास मोठेपणीं आपला आपण वाचावा लागतो. अमेरिकन मुलाकडून ती पोथी पाठ करवून घेतली जाते, यांत नवल नाहीं; प्रत्येक राष्ट्र आपल्या मुलांना अशी एकादी पोथी देतच असतें. नवल याचें कीं, ती शाळा ज्यांनीं कधीं पाहिली नाहीं, अशीं आमचीं वयस्क माणसें पुण्यामुंबईंत बसून तिचीं पारायणें करितात, आणि त्या पारायणाच्या जोरावर येथील गरिबाच्या ताटांतली भाकरी मोजूं लागतात.

आतां इतिहास पाहूं. अमेरिकेच्या पहिल्या कायदेमंडळानें जे अगदीं आरंभींचे कायदे केले, त्यांत आयात मालावरील जकातीचा कायदा होता. त्यावर वॉशिंग्टनची सही झाली ती १७८९ च्या जुलैच्या ४ तारखेला, म्हणजे नेमकी स्वातंत्र्यदिनीं. १७९१ सालीं अलेक्झांडर हॅमिल्टन या त्यांच्या पहिल्या अर्थमंत्र्यानें उद्योगधंद्यांविषयींचा आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. बाल्यावस्थेंतील धंद्याला सरकारनें जकातीचें कुंपण व पैशाचें साह्य द्यावें, असें त्यांत प्रतिपादिलें आहे. पुढें यादवी युद्धापर्यंत मध्यवर्ती सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग जकातीचाच होता. आणि युद्धानंतर कारखाने भराभर वाढले, ते या कुंपणाच्या आंत वाढले. १९३० सालीं स्मूट आणि हॉली यांच्या नांवानें ओळखला जाणारा जकातीचा कायदा झाला, तो तर जगप्रसिद्धच आहे. खुल्या व्यापाराची जपमाळ अमेरिकेनें हातीं घेतली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. त्या वेळीं युरोप व जपान यांचे कारखाने उद्ध्वस्त झाले होते आणि तिला प्रतिस्पर्धी असा उरला नव्हता. तेव्हां २०२५ सालीं पुजारी गुत्त्यावर दिसला, असें म्हणण्यापेक्षां तो आपल्या जुन्या घरीं परतला, असें म्हणणें अधिक खरें. तें घर आम्हांस त्रासदायक आहे, ही गोष्ट निराळी; तें नवें आहे, असें मात्र कोणीं म्हणूं नये.

ही गोष्ट आमच्याकडे कोणास ठाऊक नव्हती, असेंहि नाहीं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट हा १८२५ नंतर कांहीं वर्षें पेनसिल्व्हानियांत राहिला, आणि संरक्षक जकातीचें तत्त्व त्याच्या मनांत पक्कें झालें तें बव्हंशीं तेथील अनुभवानें. १८९२ सालीं न्यायमूर्ति रानड्यांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें, तेव्हां इंग्रजांच्या अनिर्बंध व्यापाराच्या सिद्धान्ताविरुद्ध त्यांनीं याच लिस्टचा आधार घेतला आणि हॅमिल्टन व केरी या अमेरिकनांची साक्ष काढली. म्हणजे ज्या अमेरिकेचें नांव घेऊन आमचे वक्ते आज सरकारला बाजारांतून हांकलूं पाहतात, त्याच अमेरिकेचें नांव घेऊन रानड्यांनीं सरकारला धंद्यांच्या पाठीशीं उभें राहण्यास सांगितलें होतें. दोघांपैकीं अमेरिका कोणीं वाचली होती, हें मीं सांगावयास नको.

परंतु जकात ही लहान बाब झाली. खरा चमत्कार १८६२ सालचा. यादवी युद्धाची ऐन धुमश्चक्री चालू असतां लिंकनच्या सरकारनें त्या एका वर्षांत तीन कायदे केले. पहिल्यानें, जो कोणी पांच वर्षें राहून जमीन कसील त्याला किरकोळ फी घेऊन १६० एकर सरकारी जमीन द्यावयाची असें ठरलें. दुसऱ्यानें, पॅसिफिक महासागरापर्यंत रेल्वे नेणाऱ्या कंपन्यांना जमिनी व सरकारी कर्जरोखे मिळाले. तिसऱ्या, म्हणजे मॉरिल यांच्या कायद्यानें, प्रत्येक संस्थानास कायदेमंडळांतील त्याच्या दर सभासदामागें ३०,००० एकर या हिशेबानें जमीन देण्यांत आली, आणि तिच्या उत्पन्नांतून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें निघालीं. एकट्या पहिल्या कायद्याखालीं कालांतरानें सुमारें २७ कोटि एकर जमीन सुमारें १६ लक्ष लोकांच्या नांवें झाली. देशाच्या एकंदर क्षेत्रफळाचा हा जवळ जवळ दहावा हिस्सा होय. ही जमीन सरकारजवळ कोठून आली, हें विचारणें पोथींत बसत नाहीं. तेथील मूळच्या जमातींना तहांनीं, फसवणुकीनें आणि बंदुकीनें मागें रेटून ती आली.

आतां त्या स्वावलंबी अमेरिकन शेतकऱ्याकडे पाहा. जमीन सरकारची, धान्य बाजारांत नेणारी रेल्वे सरकारच्या देणगीची, मुलगा शिकला तें कॉलेज सरकारच्या जमिनीवर पोसलेलें. कष्ट मात्र त्याचे स्वतःचे, आणि ते फार मोठे होते, हें मी आनंदानें मान्य करतों. पण याला जर स्वावलंबन म्हणावयाचें, तर आमच्याकडील इनामदारांनीं काय घोडें मारलें आहे? त्यांनाहि स्वावलंबी म्हणा.

मग प्रश्न असा कीं, ज्या मनुष्याला सरकारनें इतकें दिलें, त्याला आपण कोणाकडून कांहींच घेतलें नाहीं असें मनापासून कसें वाटतें? येथें त्या बाळकडूकडे वळावें लागतें. अमेरिकन शाळेंत मुलें सकाळीं ध्वजाकडे तोंड करून निष्ठेची शपथ म्हणतात. ती शपथ १८९२ सालीं फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकानें लिहिली. तीहि कोणा राष्ट्रसभेसाठीं नव्हे, तर एका कुटुंबोपयोगी नियतकालिकासाठीं, जें त्या वेळीं शाळांना ध्वज विकण्याची मोहीमहि चालवीत होतें. आणि हा बेलामी स्वतः समाजसत्तावादी होता! खासगी मालमत्तेच्या त्या स्वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या मुलें एका समाजसत्तावाद्याचे शब्द घोकीत आलीं आहेत, ही मौज कोणाच्या ध्यानांत नाहीं. ‘ईश्वराच्या छत्राखालीं’ या अर्थाचे शब्द तींत १९५४ सालीं घालण्यांत आले, कारण तेव्हां निरीश्वरवादी रशियाशीं चढाओढ होती. आज तेथील बहुतेकांना ते शब्द आरंभापासूनचेच वाटतात. परंपरा ही अशी लवकर जुनी होते.

शपथेबरोबर गोष्टी येतात. लहान वॉशिंग्टननें बापाच्या चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालविली आणि खरें सांगून टाकलें, ही कथा वीम्स नांवाच्या चरित्रकारानें वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर रचली. सत्यनिष्ठा शिकविणारी गोष्ट स्वतः खोटी आहे. होरेशियो आल्जर याच्या कादंबऱ्यांनीं तर गरीब मुलगा कष्टानें श्रीमंत होतो या श्रद्धेला घरोघर नेलें. पण १८६८ सालची त्याची जी कादंबरी सर्वांत गाजली, तींतील बूट पुसणारा पोर शेवटीं वर येतो तो कशानें? पाण्यांत पडलेला एक मुलगा त्यानें वांचविला, आणि त्या मुलाच्या धनिक बापानें त्याला नोकरी दिली. पोर सद्गुणी व मेहनती आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याचें भाग्य उघडतें तें दैवयोगानें व मोठ्या माणसाच्या कृपेनें. आमच्या आजीच्या गोष्टींतला भिकाऱ्याचा पोर हत्तीनें गळ्यांत माळ घालून राजा होतो, तिची आणि हिची जात एकच.

मुलांचें राजकीय मन घडतें कसें, याचा अभ्यास अमेरिकन विद्वानांनीं स्वतःच मोठ्या प्रामाणिकपणें केला आहे. १९५८ सालीं फ्रेड ग्रीनस्टाइन यानें न्यू हेवन शहरांतील शाळकरी मुलांना प्रश्न विचारले. राष्ट्राध्यक्ष काय काम करतो हें त्यांतील पुष्कळांना धड सांगतां येत नव्हतें. पण तो फार चांगला व दयाळू मनुष्य आहे, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. म्हणजे भक्ति आधीं, ज्ञान मागाहून. कांहीं वर्षें लोटल्यावर दुसऱ्या तिघा संशोधकांनीं केंटकीच्या डोंगराळ, दरिद्री मुलखांत तसेच प्रश्न विचारले, आणि १९६८ सालीं प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं उत्तरें निराळींच निघालीं. तेथील मुलांना राष्ट्राध्यक्षाविषयीं तेवढा आदर नव्हता. उलट पुष्कळशी अढीच होती. भाषा, धर्म, वर्ण बहुतेक तेच. शाळेंतला ध्वज तोच आणि शपथहि तीच. फरक होता तो घरांतल्या चुलीचा. ज्याच्या बापाचें काम गेलें आहे, त्या पोराला शाळेंतल्या पोथीची परीक्षा घरीं रोज पाहावयास मिळते. आमच्या वक्त्यांनीं ‘अमेरिकन मुलगा’ म्हणून जो दाखविला तो न्यू हेवनचा होता. केंटकीच्या पोराला त्यांनीं व्यासपीठावर येऊं दिलें नाहीं.

या पोथीचा परिणाम मोठेपणीं काय होतो, तेंहि मोजून झालें आहे. फ्री आणि कॅन्ट्रिल या दोघांनीं १९६४ सालीं देशभर मतें घेतलीं. सरकारनें हात आंखडावा काय, असें तत्त्व म्हणून विचारलें, तेव्हां शेंकडा ५० लोक ‘आंखडावा’ या बाजूचे निघाले. पण वृद्धांस औषधोपचार, शाळांस मदत, बेकारांस काम असें एकेक विचारलें, तेव्हां शेंकडा ६५ लोक ‘सरकारनें करावें’ या बाजूचे! तोंडानें पोथी आणि हातानें पसा. पुढें सुझॅन मेट्लर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेनें २०११ च्या आपल्या ग्रंथांत याहून बोलका पुरावा दिला. घरासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज प्राप्तींतून वजा करून जे कर वांचवितात, त्यांच्यापैकीं शेंकडा ६० जणांनीं सांगितलें कीं, आपण कोणत्याहि सरकारी योजनेचा लाभ कधीं घेतला नाहीं. म्हातारपणीं सोशल सिक्युरिटीचें वेतन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४४ जणांनीं तेंच सांगितलें. हीं माणसें लबाड नव्हेत. गरिबाला मिळतें तें भीक म्हणून दिसतें, मध्यमवर्गाला मिळतें तें हिशेबाच्या वहींत दडलेलें असतें. आणि जें दिसत नाहीं तें आपण स्वतःच कमावलें असें वाटणें मनुष्याला गोड लागतें. हें वाचतांना मला अमेरिकेपेक्षां आपल्याच आळींतल्या लोकांची आठवण अधिक झाली. गृहकर्जाच्या व्याजावर करांत सूट घेत आलेला आणि सवलतीच्या फीवर मुलगा शिकविलेला सद्गृहस्थ शिधापत्रिकेवर गहूं घेणाऱ्या बाईला ‘फुकटखाऊ’ म्हणतो, तेव्हां तोहि लबाड नसतो.

सरकारचा हात अमेरिकेंत नव्हता असें नाहीं. तो कोणाच्या डोक्यावर होता आणि कोणाच्या नव्हता, हा खरा वादाचा विषय आहे. १९३५ च्या सोशल सिक्युरिटीच्या कायद्यांतून शेतमजूर व घरकाम करणारे वगळले गेले, आणि दक्षिणेकडील काळे लोक मुख्यतः तींच कामें करीत. १९४४ सालीं युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीं शिक्षणाची व कर्जाची फार उदार योजना निघाली. तिनें गोऱ्या मजुराच्या मुलाला घर दिलें, पदवी दिली आणि मध्यमवर्गांत आणून बसविलें. पण १९४७ सालीं मिसिसिपींतील तेरा शहरांची पाहणी झाली, तेव्हां सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकीं काळ्या सैनिकांस मिळालेलीं कर्जें दोन निघालीं. दोन टक्के नव्हे; दोन. त्या घरांच्या वाढलेल्या किंमती वारसांच्या हातीं गेल्या, आणि ते वारस आज स्वावलंबनावर प्रवचन देतात.

येथें महात्मा फुल्यांची आठवण होते. १८७३ सालीं त्यांनीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केली. कशाबद्दल? त्यांच्या गिरण्यांबद्दल किंवा बाजाराबद्दल नव्हे. काळ्या गुलामांच्या मुक्तीबद्दल. आणि ती मुक्ति म्हणजे अर्थशास्त्राच्या भाषेंत काय होती, हें पाहावें. १८६० च्या शिरगणतींत सुमारें साडेएकोणचाळीस लक्ष माणसें ‘मालमत्ता’ म्हणून नोंदलेलीं होतीं, आणि त्यांची बाजारकिंमत देशांतील रेल्वे व कारखाने मिळून होणाऱ्या भांडवलाहूनहि अधिक होती. १८६५ सालीं घटनादुरुस्तीनें ती सारी मालमत्ता सरकारनें रद्द केली, तीहि बहुतेक ठिकाणीं मालकांना दमडीची भरपाई न देतां. मालमत्तेच्या हक्कांत सरकारनें केलेली एवढी मोठी ढवळाढवळ त्या देशाच्या इतिहासांत दुसरी नाहीं. आणि जोतीरावांनीं अमेरिकेच्या सर्व गोष्टींतून वेंचून काढली ती हीच. ज्यांना अमेरिकेचें अनुकरण करावयाचें आहे, त्यांनीं ही अर्पणपत्रिका समोर ठेवावी.

कोणी म्हणेल, मग अमेरिकेची कर्तबगारी सारी सरकारची काय? असें मी म्हणत नाहीं. एडिसन, फोर्ड यांचीं नांवें कोणी पुसूं शकत नाहीं. आणि धंद्यांत बुडालेल्या माणसाला पुनः उभें राहूं देण्याची त्या समाजाची वृत्ति आम्हीं घेण्यासारखी आहे. पण ज्या चिमुकल्या विद्युत्‌-चकत्यांवर आजचीं गणकयंत्रें चालतात, त्यांचें आरंभींचें मोठें गिऱ्हाईक क्षेपणास्त्रांसाठीं व चंद्रावरील मोहिमेसाठीं खरेदी करणारें सरकारच होतें. रिपब्लिकन पक्षाचा आयसेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असतां अतिश्रीमंतांच्या प्राप्तीच्या वरच्या थरावर शेंकडा ९१ कर होता, आणि तो काळ तेथें भरभराटीचा म्हणून आठवला जातो. १९४६ च्या कायद्यानें लोकांस काम मिळावें याची काळजी वाहणें हें मध्यवर्ती सरकारचें कर्तव्य ठरविलें. आणि २००८ सालीं मोठमोठ्या पेढ्या कोसळूं लागल्या, तेव्हां बाजाराचे महंत कोणाच्या दारीं जाऊन बसले? त्यांना सांवरण्यासाठीं ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद सरकारनें केली. स्वावलंबनाचा उपदेश त्या दिवशीं गरिबांपुरताच शिल्लक होता.

अमेरिका पाहावी कशी, याचे धडे आमच्या भाषेंत व आमच्या माणसांत आहेत. पंडिता रमाबाई १८८६ सालीं तेथें गेल्या आणि १८८९ सालीं तेथील लोकस्थितीवर त्यांनीं मराठींत ग्रंथ लिहिला. राज्यव्यवस्थेपासून घरसंसारापर्यंत सारें त्यांनीं कौतुकानें न्याहाळलें. पण मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनीं झांकून ठेवला नाहीं. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठांत होते. तेथें त्यांचे गुरु सेलिग्मन हे चढत्या करपद्धतीचे अभ्यासक. त्यांनीं पुढें १९२५ सालीं बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. बाबासाहेब परतले ते सरकारनें कर कसा बसवावा व कोणासाठीं खर्चावा, हा विचार घेऊन. आमचे आजचे प्रवासी परततात ते रस्त्यांची रुंदी सांगत.

आणि त्या देशाच्या मूल्यांपैकीं खरोखर जें अनमोल आहे, तें तर आमच्या दिवाणखान्यांत कोणी तोंडानेंहि उच्चारीत नाहीं. ज्या शपथेचा उल्लेख वर आला, ती म्हणावयास जेहोव्हाज् विटनेसेस या पंथाच्या मुलांनीं नकार दिला, कारण देवाखेरीज कोणालाहि वंदन करणें त्यांच्या धर्माला मान्य नव्हतें. १९४० सालीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें शाळेची बाजू घेतली, आणि त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर गांवोगांव हल्ले झाले. तीन वर्षांनीं वेस्ट व्हर्जिनियांतील दोन बहिणींचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें. महायुद्ध ऐन भरांत होतें. देशभक्तीच्या नांवाखालीं कांहींहि खपून गेलें असतें. न्यायालयानें आपलाच निकाल फिरविला, आणि कोणत्याहि मुलाकडून सरकारनें निष्ठेचे शब्द जबरीनें वदवून घेऊं नयेत, असें ठरविलें. निकालाची तारीख १४ जून १९४३, म्हणजे तेथील ध्वजदिन. केरळांत राष्ट्रगीतावरून त्याच पंथाच्या मुलांना शाळेंतून काढलें, तेव्हां आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९८६ सालीं मुलांच्याच बाजूनें निकाल दिला. आमच्या वक्त्यांच्या तासाभराच्या व्याख्यानांत या दोन बहिणींचा उल्लेख कोठेंहि आला नाहीं.